चाक थांबल्याची खूण

ताईचा फोन आला तेव्हा मी ऐरोलीच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. "सुभाष, ये रे तू हॉस्पिटलला," एवढंच ती म्हणाली... आणि तेही हळू. दिघ्याच्या तिच्या घरात हळू बोलण्याची पद्धतच नव्हती. मीठ मागायचं तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं मागायचं, कारण दाजींना कमी ऐकू यायचं, आणि आपल्याला कमी ऐकू येतं हे त्यांनी कधी मान्य केलं नव्हतं. "तुमीच तोंडातल्या तोंडात बोलता," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं राग, लाड, भाजीचा भाव, लेकीच्या परीक्षेचा निकाल, सगळं एकाच पट्टीत चालायचं. दाजींना ठेवलं होतं त्या हॉस्पिटलातसुद्धा सिस्टर तिला सारखं "मावशी, हळू बोला" म्हणायची आणि ताईला ते काही जमत नव्हतं. ती माझी बहीण आज हळू बोलते आहे, म्हणजे तिला ओरडून सांगावं असं आता कुणी उरलेलं नाही, हे मला डब्याचं झाकण हातात असतानाच कळलं. मी झाकण परत लावलं आणि खाली उतरून रिक्षा केली.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. जलदानविधी झाला, परभणीकडून आलेले नातेवाईक परत गेले, ताई-दाजींची एकुलती लेक सुजाता नोकरीसाठी पुण्याला गेली. भेटायला आलेला जो तो म्हणून गेला, "सुटले बिचारे." मला हे वाक्य आवडत नाही. माणूस सुटला की नाही हे सांगणाऱ्याला काय माहीत असतं? आणि दाजींच्या बाबतीत तर नेमका हाच प्रश्न आमच्या घरात अजून मिटलेला नाही. ताईला त्यापायी झोप लागत नाही. म्हणून तर हे लिहायला बसलो आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, विमलताईचे यजमान. कागदोपत्री दशरथ, वस्तीत दशरथभाऊ, आणि मला मात्र लग्नाच्या दिवसापासून दाजी. लग्न बौद्ध पद्धतीचं, त्यात कानपिळीला जागा नव्हती. पण आमच्या मावशीचा हट्ट, की नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळला नाही तर ते लग्न कसलं? मी तेव्हा शाळेत होतो. अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून मी दाजींचा कान पिळला, आणि ते पुढं आयुष्यभर मला त्यावरून छळत राहिले. काही ऐकू आलं नाही की चारचौघांत माझ्याकडं बोट दाखवायचे. "ह्यानं पिळला तवापासून गेलाय बघा कान. भरपाई मागायला पाहिजे मेव्हण्याकडं." सगळे हसायचे, मीही हसायचो. कान खरं तर कुठं गेला ते सगळ्यांना माहीत होतं.

तो गेला महापेच्या कारखान्यात. दाजी तिथं पॉवर प्रेसवर होते. मोठमोठे पत्रे यायचे आणि प्रेसखाली दाबून त्यांचे गाड्यांचे सुटे भाग निघायचे. ग्रॅज्युएट होऊन मी नोकरी शोधायला गावाहून आलो तो ताईकडंच उतरलो, तेव्हा एकदा दाजी मला कारखाना दाखवायला घेऊन गेले होते. शेडच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि मला छातीवर कुणी बुक्क्या मारतंय असं वाटलं. तो आवाज कानानं ऐकायचा नव्हताच, तो अंगातून जात होता. कानात घालायला बुचं मिळायची, पण ती घातली की डोकं जड होतं म्हणून कुणी घालत नसे, फार तर कापसाचा बोळा. त्या शेडमध्ये तोंडाचा उपयोग फक्त तंबाखूपुरता. बोलणं सगळं हातानं. चहा आला, साहेब आला, पत्रा संपला, उद्या सुट्टी आहे, प्रत्येकाची खूण ठरलेली. दाजी हे हातवारे घरी घेऊन आले आणि ताईनंही ते उचलले. पाहुण्यांनी भरलेल्या घरात ती चुलीपाशी बसून दाराशी उभ्या दाजींशी अख्खा संसार बोलायची आणि आम्हाला पत्ता नसायचा.

त्यातल्या दोन खुणा मला इथं सांगायलाच हव्यात. एका हाताची मूठ दुसऱ्या तळहातावर आपटत राहायची, याचा अर्थ मशीन चालू आहे. आणि मूठ तशीच ठेवून तिच्यावर दुसऱ्या हाताचा पंजा झाकायचा, म्हणजे चाक थांबलं, आता खुशाल हात घाल. प्रेसला एक भलंमोठं चाक असतं. बटण दाबून मोटर बंद केली तरी ते चाक आपल्या वजनानं बराच वेळ फिरत राहतं, आणि ते फिरतंय तोवर वरचा ठोकळा एखाद्या वेळी खाली येऊ शकतो. मला हे माहीत नव्हतं. एकदा जेवताना ताईनं टीव्ही बंद कर म्हटलं, आणि मी मोठ्या ऐटीत मुठीवर पंजा ठेवून दाखवला. दाजींनी ताटावरून हात उचलला. एवढं चिडलेलं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. "त्या खुणेची मस्करी करायची न्हाई," ते म्हणाले. "माझ्या जोडीदारानं ती खूण बघून हात घातला व्हता. दोन बोटं गेली त्याची. चाक थांबलेलं आपल्या डोळ्यांनी बघितल्याबिगर ही खूण करायची न्हाई. कुणाला बरं वाटावं म्हणून बी न्हाई." मग ते परत जेवायला लागले. बटण बंद करायला कुणीच उठलं नाही, म्हणून टीव्ही चालूच राहिला.

रिटायर झाल्यावर माणूस गप्प बसेल असं आम्हाला वाटलं होतं, पण दाजींना गोंगाटाचा तिटकारा यायला लागला. ही गंमतच होती. अर्ध्या बहिऱ्या माणसाला शांतता कशाला हवी, असं मी त्यांना चिडवायचो. पण शेजारचा मिक्सर, नळावरची भांडणं, पाण्याचा टँकर, गाडीचा भोंगा, जयंतीचा स्पीकर, प्रत्येकाशी त्यांचं वाकडं. वस्तीतल्या पोरांना स्पीकरवरून दम देणारे दाजी हे दिघ्यात प्रसिद्ध प्रकरण होतं. गावी जाऊन राहा म्हटलं तर गेलेही, आणि चार दिवसांत परत आले. गावात आता ट्रॅक्टर आहेत, डीजे आहे, भावकी आहे. "जन्म गेला धाडधाड ऐकण्यात," ते म्हणायचे, "एकदा अशा जागी जायचंय की जिथं काईच वाजत नसंल. मग मेलो तरी चालंल." कधीतरी टीव्हीवर त्यांनी वाळवंट पाहिलं. नुसती वाळू, त्यावरून चाललेला एक उंट, आणि मुख्य म्हणजे टीव्हीतूनसुद्धा काही आवाज येत नव्हता. ते ताईच्या डोक्यात बसलं. तिनं सुजाताच्या मागं लागून जैसलमेरचं बुकिंग करायला लावलं. उंटावरून जायचं, एक रात्र वाळूत उघड्यावर काढायची आणि सकाळी परत यायचं. सोबतीला मी. माझ्या बायकोनं उंट म्हणताच हात जोडले होते.

एजंटानं आम्हाला आधी नेलं ते तंबूंच्या कॅम्पवर. पोचतो तो तिथं डीजे सुरू. हळदीला वाजतात तीच गाणी, तेच लेझरचे दिवे, आणि वाळूत नाचणारे आपल्याकडचेच चार-दोन ग्रुप. दाजी जीपमधून उतरायलाच तयार होईनात. "ह्यापरीस दिघा काय वाईट व्हता?" ताईचा चेहरा उतरला. मी मॅनेजरशी बरीच हुज्जत घातली, तेव्हा कुठं त्यानं सादिकभाई नावाच्या उंटवाल्याला बोलावलं. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, दूर नेतो, जिथं कॅम्पचा उजेडही दिसणार नाही अशा जागी. तीन उंट, त्यावर आम्ही तिघं, आणि पुढं दोरी धरून सादिकभाई पायी.

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ताई थेट त्याच्या मानेवर जाऊन आदळली आणि "अगं माय" म्हणून अशी ओरडली की कॅम्पमधल्या नाचणाऱ्यांनीही वळून बघितलं. त्यानंतर प्रत्येक उतारावर "अगं माय." मी दोन्ही हातांनी खोगिराचा दांडा धरून बसलो होतो. मांड्या अशा भरून आल्या की आता खाली उतरवलं तर उभं राहता येईल का, याचीच मला काळजी. दाजी मात्र ताठ बसले होते. काही वेळानं डीजेचा आवाज पडला, मग नुसता धपधप ठोका राहिला, आणि एका टेकाडाच्या पलीकडं उतरलो तसा तोही गेला. दाजींनी मागं वळून ताईकडं बघितलं आणि हसले. किती साधं हसले... रिटायर झाल्यावर इतकं मोकळं हसताना मी त्यांना बघितलं ते तेवढंच. ताई लाजली. पुढच्या उतारावर ओरडायचंसुद्धा विसरली.

सूर्य टेकता टेकता आम्ही उतरलो. सादिकभाईनं काटक्या पेटवून बाजरीच्या रोट्या आणि बटाट्याची भाजी केली, ताईनं घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी काढली. प्रत्येक घासाला दाताखाली वाळू करकरत होती आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. उंटांचे पुढचे पाय दोरीनं बांधून सादिकभाईनं त्यांना चरायला सोडलं होतं. लांब क्षितिजावर पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकत होते. वारा पडला होता. आता ऐकू येत होती ती फक्त पुढच्या उंटाच्या गळ्यातली घंटा, टण... टण... पाऊल पडेल तशी. दाजी अस्वस्थ झाले. "भाई, वो घंटी जरा बंद करो ना," ते त्यांच्या हिंदीत म्हणाले, "हम लोग इतना दूर से आवाज सुनने को नहीं आया है." सादिकभाईनं सांगून बघितलं, की घंटीवरूनच कळतं उंट कुठं आहे ते. पण ताई त्याला हात जोडून मराठीतच म्हणाली, "एका रात्रीनं काय होतंय, भाऊ? त्यांची लई दिवसांची इच्छा हाय." भाषा कळली नसेल, पण हात कळले. ताईनं कमरेचा रुमाल काढून दिला, आणि सादिकभाईनं तो घंटेच्या आतल्या लोलकाला गुंडाळून घट्ट बांधला.

मग जे झालं त्याला आवाज नसणं म्हणणंही कमी पडेल. मला माझा आवंढा गिळलेला ऐकू आला. ताईच्या बांगड्या तिनं श्वास घेतला तरी कळत होत्या. मला खरं सांगायचं तर भीती वाटली, पण दाजींसाठी बरं वाटलं. माणसानं आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि ती त्याला मिळाली, असं आमच्या खानदानात फार वेळा झालेलं नाही. मी त्यांच्याकडं बघितलं. ते मान वाकडी करून बसले होते, दार वाजलं की काय असा अंदाज घेत बसावं तसे. "कुठंतरी मोटर चालू हाय," ते म्हणाले. नाही, दाजी, मी म्हटलं. "आरं, चालू हाय. जनरेटर असंल त्या कॅम्पचा. ऐक की जरा." मी ऐकलं, ताईनं ऐकलं. काही नव्हतं. सादिकभाई म्हणाला, जनरेटर इतक्या लांब ऐकू येत नाही. मग दाजींनी पवनचक्क्यांवर संशय घेतला. वारा पडलाय, त्या बंद आहेत, असं सांगूनही ते उठले आणि वाळूचं टेकाड चढायला लागले. पाऊल घसरत होतं, तरी चढत होते. वर पोचून ते एकीकडं वळून उभे राहिले, मग दुसरीकडं, मग तिसरीकडं. मग त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. काढले. परत ठेवले. आम्ही खालून बघत होतो आणि मला अजून काहीच कळलेलं नव्हतं.

कान झाकल्यावर बाहेरचा आवाज कमी व्हायला हवा. त्यांचा वाढला.

ते खाली आले, ताईशेजारी बसले. ताईनं हातानंच विचारलं, काय झालं? दाजींनी एक बोट कपाळाला लावलं. मग एका हाताची मूठ केली आणि दुसऱ्या तळहातावर आपटायला लागले. एक एक ठोका, संथ, कारखान्यात पाळी चालू असल्यासारखा. ताई आधी हसली. तिला वाटलं, कारखान्याची आठवण आली असेल. पण ते थांबेनात. मूठ तळहातावर पडत राहिली आणि ताईचं हसू हळूहळू गेलं... त्या शांततेत तेवढाच एक आवाज होता, दाजींच्या मुठीचा. शेवटी ताईनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात धरून खाली ठेवले. आम्ही गोधड्या पसरून आडवे झालो.

सकाळी पुढचा उंट जागेवर नव्हता. पायाची दोरी तोडून किंवा ढिली करून तो चालता झाला होता, आणि घंटा बांधलेली, त्यामुळं कळणार कसं? सादिकभाई पावलांच्या मागावर निघून गेला. उन्हं चांगली वर आल्यावर तो उंटाला घेऊन परतला. दाजी पुढं झाले आणि कधी नव्हे ते खालच्या आवाजात म्हणाले, "माफ करना भाई, मेरे वास्ते हुआ." सादिकभाईनं घंटेवरचा रुमाल सोडला, झटकून ताईच्या हातात दिला. "घंटी बजती है तो मैं सोता हूँ, साहब," तो म्हणाला, "कल नींद ही नहीं आई. सुबह जाके आँख लगी, और ये निकल गया." त्यात तक्रार नव्हती, झालं ते त्यानं सांगितलं एवढंच. परतीच्या वाटेवर दाजी उंटावर बसलेच नाहीत. त्या घंटेच्या बाजूनं, तिला धरून, चालत आले. मला तेव्हा वाटलं उंटाची दया आली असेल. ते आवाजाला धरून चालत होते हे मला फार उशिरा कळलं.

परत आल्यावर ऐरोलीच्या कानाच्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. इतकी वर्षं प्रेसपाशी काढल्यामुळं कानाच्या आतली नस खराब झालेली, तो आवाज कानातच तयार होतो, बाहेर कुठं नसतो. तो आज आलेला नाही. वर्षानुवर्षं होताच, फक्त आजूबाजूच्या गोंगाटात झाकला गेला होता. आता एकदा लक्ष गेलं म्हटल्यावर तो लक्षातून जाणं अवघड. यावर औषध नाही. रात्री पंखा चालू ठेवा, म्हणाले, सोबत दुसरा आवाज असला की बरं वाटतं. दाजी मान हलवत ऐकत होते. बाहेर आल्यावर ताई दवाखान्याच्या पायरीवरच बसली. "मीच नेलं त्यांना तिकडं," ती म्हणाली, "नसतं नेलं तर कळलंच नसतं." डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आज ना उद्या कळलंच असतं. मीही हज्जारदा सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं, पण मान्य कधीच केलं नाही. हे ओझं तिनं त्या पायरीवर उचललं ते उचललंच.

त्यानंतर दाजी बदलले. माळ्यावरचा जुना टेबलफॅन खाली आला आणि त्यांच्या खाटेच्या डोक्याशी स्टुलावर बसला. त्याची जाळी सैल होती, फिरताना खडखडायची, आणि ती नीट करू द्यायला दाजी तयार नसत. ऐन थंडीत, डोक्याला मफलर गुंडाळून, वरून पंखा. स्पीकरवरून पोरांना शिव्या देणारा हा माणूस जयंतीच्या मंडपात स्पीकरच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागला. दुपारी ठाणे-बेलापूर रोडला चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे, जिथून कंटेनर जातात. कधी रिक्षानं थेट महापेला, कारखान्याच्या भिंतीबाहेर. ज्या आवाजानं कान खाल्ला त्याच्याच दाराशी हा माणूस उसनं मागायला जातो, हे मला बघवायचं नाही. मी चेष्टा करायचं सोडून दिलं. तेही माझ्यावर कानपिळीचा आरोप करीनासे झाले, आणि ते मला जास्त लागलं.

आणि ताईनं एक नवी सवय लावून घेतली. रोज सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला की ती मूठ तळहातावर ठेवायची आणि भुवया उंचावायची. चालू आहे का? दाजी उत्तरादाखल मूठ आपटायचे. बरा दिवस असला तर हलकेच, वाईट असला तर जोरात. ताई तेवढ्यावरून ओळखायची की आज भांडायचं की नाही. मी मुक्कामाला असलो की हे बघायचो. पंजानं मूठ झाकलेली मी एकदाही पाहिली नाही. तिला बरं वाटावं म्हणून एखाद्या दिवशी खोटंच झाकली असती तर काय बिघडलं असतं, असं मनात यायचं. पण दाजींना ते शक्य नव्हतं.

मग पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. हॉस्पिटलात एसी होता, पंखा नव्हता, आणि वॉर्ड इतका शांत की ताईचा जीव तीळतीळ तुटायचा. "त्यांना आता तेवढंच ऐकू येत असंल रे दिवसभर," ती म्हणायची. घरचा टेबलफॅन आणू का म्हणून तिनं सिस्टरला विचारलं. सिस्टरनं साहजिकच नाही म्हटलं. मग ताई त्यांच्या उशाशी बसून मोठमोठ्यानं काहीबाही बोलत राहायची, लोखंडी खाटेवर बांगड्या वाजवायची, आणि तेही बंद करायला लागायचं. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी भेटीच्या वेळेत मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. दाजींनी डोळे उघडले. ताईनं सवयीनं मूठ आपल्या तळहातावर ठेवली, त्यांच्या चेहऱ्यासमोर धरली आणि भुवया उंचावल्या. मी मान दुसरीकडं वळवणार होतो, कारण एक हात गेलेल्या माणसानं मूठ आपटायची तरी कशावर? पण दाजींचा डावा हात हलला. चादरीवरून सरकत, थांबत, परत सरकत वर आला... आणि ताईच्या मुठीवर येऊन पडला. पंजा पूर्ण उघडलेला होता. मूठ झाकली गेली. तो तसाच राहिला.

"बंद झालं!" ताई एवढ्यानं ओरडली की अख्खा वॉर्ड वळला. "सुभाष, बंद झालं म्हणतायत ते!" सिस्टर धावत आली. दाजींनी डोळे मिटले होते. त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मला तो फोन आला.

तेव्हापासून मी हे डोक्यात घोळवतो आहे. ती खूण असेल. मरणाच्या दारात कानाची नस शांत होत असेल, कुणास ठाऊक, डॉक्टरांना विचारायचं धाडस मला झालं नाही. किंवा खूण नसेलही. चाळीशी उलटलेल्या संसारात निघून जाणाऱ्या माणसानं बायकोचा हात हातात घेतला, एवढंच असेल. चारचौघांत तिचा हात धरलेला मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण म्हणून काय शेवटीही धरू नये? की तिला त्या ओझ्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जन्मात एकदाच ती खूण खोटी केली? यातलं काहीही खरं असू शकतं आणि तिन्हींनी मला सारखंच रडू येतं.

गेल्या रविवारी दुपारी दिघ्याला गेलो. बाहेर टँकर आला होता, बायकांचा कालवा चालू होता, कुणाचा तरी मिक्सर फिरत होता. आत दाजींची खाट भिंतीला उभी केलेली, पण स्टूल जागेवरच, आणि त्यावर टेबलफॅन. बंद. इतक्या वर्षांत तो बंद असलेला मी पहिल्यांदा बघितला. ताईनं जाळी पुसून लख्ख केली होती. "कशाला चालू ठेवू?" माझी नजर बघून ती म्हणाली. "बंद झालं म्हणाले ना ते." मग थोडा वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. ती आता हळूच बोलते, त्यामुळं मला पुढं वाकावं लागलं. "सुभाष, तू व्हतास तिथं. तू बघितलंस. ती खूणच व्हती ना रे?"

ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, हातांकडं बघत होती. मी एका हाताची मूठ केली आणि दुसऱ्या हाताचा पंजा तिच्यावर नीट झाकला. ताईनं ते डोळे भरून पाहिलं, मान हलवली आणि चहा टाकायला उठली.

चाक थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.